पॅसिव्ह हाऊससाठी इन्सुलेशन कसं निवडावं: आधी भिंत, मग सामान

पॅसिव्ह हाऊस, म्हणजे गरम किंवा थंड ठेवायला अगदी कमी ऊर्जा लागणारं घर, बांधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा थेट सामानाचंच विचारतो. थर्मोकोल घ्यावा, रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घ्यावं की पीआयआर हा कडक फोम? माझ्या मते हा प्रश्न यादीत बराच खाली असायला हवा. उष्णता किती रोखायची, इन्सुलेशनचा थर कुठून कुठे सलग न्यायचा, ओल कुठून येणार आणि कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवायचं. एवढं ठरलं की सामानाचे पर्याय बहुधा दोन-तीनच उरतात आणि त्यांतून निवड करणं सोपं जातं. हे न ठरवता बाजारातलं सगळ्यात भारी सामान आणलं, तर भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरलेली दिसेपर्यंत चूक कळत नाही.

पहिली पायरी: आकडा ठरवा

पहिलं पॅसिव्ह हाऊस जर्मनीत डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात उभं राहिलं. बांधकाम १९९० मध्ये सुरू झालं आणि १९९१ मध्ये लोक राहायला आले. त्यामागे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि लुंड विद्यापीठाचे बो अदमसन यांचा विचार होता. त्या घराला कुठलंही जादुई सामान लावलेलं नाही. भिंतीला साडेसत्तावीस सेंमी थर्मोकोल, छपरात जवळपास ४५ सेंमी खनिज लोकर आणि तळघराच्या छताला २५ सेंमी पॉलिस्टायरीन. सामान साधंच होतं, पण जाडी भरपूर होती आणि थर कुठेही तुटलेला नव्हता. हे घर अजून वापरात आहे.

पॅसिव्ह हाऊसचे निकष थोडक्यात असे. घर गरम ठेवायला वर्षाला प्रति चौरस मीटर जास्तीत जास्त १५ किलोवॅट-तास लागावेत, किंवा कडाक्याच्या थंडीत प्रति चौरस मीटर १० वॅटपेक्षा जास्त भार येऊ नये. गळतीच्या चाचणीत, ५० पास्कल दाबाला, तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा गळू नये. वर्षातल्या १० टक्क्यांपेक्षा जास्त तासांत आतलं तापमान २५ अंशांवर जाऊ नये. यांत कुठेही सामानाचं नाव नाही, जाडीसुद्धा नाही. पोहोचायचं कुठे एवढंच सांगितलं आहे, वाट तुमची तुम्ही निवडायची.

तिथे पोहोचायला भिंत किती चांगली लागेल, हे हवामानावर आणि घराच्या आकारावर ठरतं. मध्य युरोपसारख्या थंड-समशीतोष्ण हवामानात भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून उष्णता किती वाहते ते सांगणारा आकडा (जितका लहान तितका चांगला), साधारण ०.१५ वॅट प्रति चौरस मीटर केल्विन किंवा त्याखाली ठेवतात. जुन्या घरांच्या नूतनीकरणासाठी पॅसिव्ह हाऊस इन्स्टिट्यूटचा 'एनरफिट' नावाचा निकष आहे. त्यात बाहेरून लावलेल्या इन्सुलेशनची यू-व्हॅल्यू ध्रुवीय हवामानात ०.०९, थंड प्रदेशात ०.१२, उबदार-समशीतोष्ण पट्ट्यात ०.३०, उष्ण हवामानात ०.५० आणि अतिउष्ण हवामानात पुन्हा ०.२५ मागितली आहे. दुसऱ्या प्रदेशातली भिंत जशीच्या तशी उचलू नका असं मी सांगतो, ते याच आकड्यांमुळे. उष्ण प्रदेशात ३० सेंमीची भिंत बांधून काचेला सावली न देणं म्हणजे पैसा चुकीच्या जागी घालणं.

आकाराचं थोडक्यात सांगतो. घर आटोपशीर असेल तर आतल्या जागेच्या मानाने बाहेरचं क्षेत्रफळ कमी असतं. कोपरे, खाचे, बाहेर काढलेल्या खोल्या वाढल्या की तोच निकष गाठायला जाडी वाढवावी लागते. नकाशा अजून पेन्सिलीत असेल तर एक खाचा काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी पायरी: जाडी स्वतः काढा

सामानाच्या कागदावर 'लॅम्डा' नावाचा आकडा असतो. त्या सामानातून उष्णता किती सहज वाहते, हे तो सांगतो. आकडा जितका लहान तितकं चांगलं. मीटरमधली जाडी भागिले लॅम्डा म्हणजे त्या थराचा रोध. सगळ्या थरांचे रोध मिळवले, त्यात आतल्या-बाहेरच्या हवेच्या पातळ पडद्याचे मिळून ०.१७ घातले आणि एकाला त्या बेरजेने भागलं, की यू-व्हॅल्यू मिळते.

उदाहरण घेऊ. लक्ष्य ०.१५ असेल तर एकूण रोध ६.६७ हवा. त्यातून हवेचे ०.१७ वजा करा. २३ सेंमी विटेच्या भिंतीचा लॅम्डा ०.७ धरला तर तिचे ०.३३ वजा करा. उरले ६.१७, तेवढा रोध इन्सुलेशनने द्यायचा. ०.०३५ लॅम्डाच्या रॉकवूलला त्यासाठी साधारण २२ सेंमी लागतील. ०.०३२ च्या करड्या, ग्रॅफाइट मिसळलेल्या थर्मोकोलला २० सेंमी, ०.०२२ च्या पीआयआरला १४ सेंमी, ०.०४० च्या सेल्युलोजला (रद्दी कागदाच्या भुग्याला) २५ सेंमी आणि ०.०५२ च्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांना ३२ सेंमी. विटेचा वाटा किती किरकोळ आहे तेही यातून दिसतं. नुसती भिंत जाड बांधून पॅसिव्ह हाऊस होत नाही.

जाडी कुठे थांबवायची? ०.०३५ लॅम्डाच्या सामानाचा एकटा हिशेब मांडून पाहा. १० सेंमीला यू-व्हॅल्यू ०.३३ येते, २० सेंमीला ०.१७, ३० सेंमीला ०.११ आणि ४० सेंमीला ०.०९ च्या आसपास. दुसऱ्या दहा सेंमीने मोठी बचत होते, चौथ्याने अगदी थोडी. म्हणून एकाच भिंतीवर थर चढवत बसण्यापेक्षा छप्पर, भिंत, जमीन आणि खिडक्या यांत जाडी वाटून द्यावी. छपरात जागा सहज मिळते, तिथे हात सैल सोडायला हरकत नाही.

एक आकडा मात्र नेहमी विसरला जातो, आणि तो सगळा हिशेब बिघडवतो. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत इन्सुलेशन खांबांच्या मध्ये भरतात. लाकडाचा लॅम्डा ०.१३, म्हणजे इन्सुलेशनच्या तिप्पट. २४ सेंमी सेल्युलोज भरलेल्या भिंतीत क्षेत्रफळाचा १५ टक्के भाग लाकूड असेल, तर कागदावरची ०.१६ ही यू-व्हॅल्यू प्रत्यक्षात ०.२१ होते. उपाय असा की खांबांच्या बाहेरून आणखी एक सलग थर घालायचा, किंवा दोन बारीक फळ्यांना पातळ पाट्यांनी जोडून केलेले खांब वापरायचे. लोखंडी सांगाडा असेल तर बाहेरून सलग थर हवाच, त्याला दुसरा पर्याय नाही.

तिसरी पायरी: थर सलग आहे का ते नकाशावर तपासा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. घराचा उभा छेद कागदावर घ्या आणि एका रंगाच्या पेनाने इन्सुलेशनची रेघ काढा: जमिनीखालून भिंतीवर, भिंतीवरून छपरात आणि दुसऱ्या बाजूने परत जमिनीखाली. पेन कुठेही उचलायचं नाही. मग दुसऱ्या रंगाने हवाबंद थराची तशीच रेघ काढा. पेन जिथे उचलावं लागेल, तिथे अडचण आहे. ती कागदावरच सोडवा, कारण काँक्रीट ओतल्यावर ती सुटत नाही.

अडचणीच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा म्हणजे भिंतीचं बूड. जमिनीचं इन्सुलेशन आतून आणि भिंतीचं बाहेरून असेल, तर मधून वीट किंवा काँक्रीट थेट पायात उतरतं आणि उष्णता तिकडून पळते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पायाचा स्लॅबच इन्सुलेशनवर ओतणं. ते जमत नसेल तर भिंतीची पहिली रांग फोम ग्लासच्या (फेसाळ काचेच्या) किंवा ऑटोक्लेव्ह्ड हलक्या ब्लॉकची घालावी. दुसरी जागा म्हणजे बाल्कनी. आतला स्लॅब तसाच बाहेर काढला तर तो उष्णतेचा उघडा मार्ग होतो. बाल्कनीला स्वतःचे खांब देऊन ती वेगळी उभी करावी, किंवा मधे उष्णता तोडणारे खास जोड वापरावेत. तिसरी जागा म्हणजे खिडकीची चौकट. चौकट विटेच्या रेषेत न बसवता इन्सुलेशनच्या जाडीत बाहेर आणावी आणि भिंतीचं इन्सुलेशन चौकटीवर काही सेंमी चढवावं. तीच खिडकी, पण नुसत्या जागेमुळे तिचा निकाल स्पष्ट सुधारतो. चौथी जागा म्हणजे भिंत आणि छपराचा सांधा. तिथे भिंतीचा थर छपराच्या थराला भिडलाच पाहिजे.

जोडांमधून जाणाऱ्या उष्णतेला 'साय' नावाचं मूल्य असतं. बाहेरच्या मापांनी हिशेब करून ते प्रति मीटर ०.०१ वॅट प्रति केल्विनच्या आत राहिलं, तर त्या जोडाला 'थर्मल ब्रिज नाही' असं म्हणतात. बारीक गोष्टीही जमा होतात. बोर्ड धरून ठेवणाऱ्या एका खुंटीतून फक्त ०.००२ वॅट प्रति केल्विन जात असेल आणि चौरस मीटरला सहा खुंट्या असतील, तर ०.१५ च्या भिंतीत त्या एकट्या ८ टक्के भर घालतात. म्हणून धातूचा खिळा असलेल्या खुंटीवर इन्सुलेशनची टोपी लावा, किंवा प्लॅस्टिकच्या गाभ्याची खुंटी घ्या.

चौथी पायरी: ओलीचा रस्ता ठरवा

घरातली हवा २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर साधारण ९.३ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी जमतं. बुरशीला मात्र पाणी जमण्याचीही गरज नसते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्के झाली की पुरे, म्हणजे पृष्ठभाग साधारण १२.६ अंशांवर असला की ती धरू लागते. बाहेर उणे १० अंश असताना यू-व्हॅल्यू १.५ असलेल्या भिंतीची आतली बाजू साधारण १४ अंशांवर येते आणि कोपऱ्यांत त्याहून खाली जाते. ०.१५ च्या भिंतीची आतली बाजू १९.४ अंशांवर राहते. चांगलं इन्सुलेशन असलेल्या घरात बुरशी का धरत नाही, याचं हे सरळ कारण.

आता भिंतीच्या आतल्या ओलीचं पाहू. थंड प्रदेशात वाफ आतून बाहेर जाते. तिथे आतला थर वाफेला जास्त अडवणारा आणि बाहेरचा जास्त मोकळा असावा, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर निघून जाते. उष्ण-दमट प्रदेशात, एसी चालू असलेल्या घरात, हाच प्रवाह उलटा होतो: बाहेरची दमट हवा आतल्या थंड पृष्ठभागाकडे जाते. तिथे आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा किंवा विनाइलचा वॉलपेपर लावला तर पाणी नेमकं त्याच्या मागे अडकतं. ज्या प्रदेशात दोन्ही ऋतू कडक असतात, तिथे आर्द्रतेप्रमाणे मोकळा-घट्ट होणारा पडदा वापरतात.

वाफ सामानातून हळूहळू झिरपते, ही गोष्ट वेगळी. फटीतून हवेबरोबर येणारी ओल तिच्या कितीतरी पट जास्त असते. म्हणून हवाबंद थर आधी नीट करा, वाफेच्या पडद्याची काळजी नंतर. जुन्या भिंतीला आतून इन्सुलेशन लावायचं असेल, बाहेरून सपाट बंद छप्पर असेल किंवा भिंतीवर पावसाचा मारा असेल, तर साध्या हिशेबावर भागवू नका. फ्राउनहोफर संस्थेच्या 'वूफी'सारख्या प्रोग्रॅमवर वर्षभराची ओल तपासून घ्या.

पाचवी पायरी: आता सामान

बहुतेक इन्सुलेशनचं काम स्थिर हवा करते. स्थिर हवेचा लॅम्डा सुमारे ०.०२५ आहे, म्हणून लोकर आणि थर्मोकोल यांचे आकडे ०.०३० च्या खाली फारसे येत नाहीत. त्याखाली जायचं असेल तर हवेऐवजी जड वायू भरावा लागतो, जसा पीआयआरमध्ये. एअरोजेलमध्ये छिद्रं इतकी बारीक असतात की हवेच्या रेणूंची हालचालच अडते. व्हॅक्यूम पॅनेलमधून हवाच काढून घेतात. हे डोक्यात ठेवलं की जाहिराती वाचणं सोपं होतं. एक मिलिमीटर 'इन्सुलेटिंग पेंट'चा लॅम्डा अगदी ०.०५ धरला तरी रोध येतो ०.०२, आणि आपल्याला हवेत सहा. छपरावरचा पांढरा परावर्तक रंग ऊन परतवतो आणि उष्ण प्रदेशात तो जरूर लावावा, पण तो इन्सुलेशनची जागा घेत नाही.

थर्मोकोल, म्हणजे ईपीएस, विटेच्या भिंतीला बाहेरून लावून वर गिलावा करायला सोपा, हलका आणि किमतीच्या मानाने उत्तम. करडा प्रकार घ्या, पण तो लावताना उन्हापासून झाका, कारण उन्हाने तापून बोर्ड वाकतात. आग लागली तर हे सामान वितळतं आणि ठिबकतं. म्हणून खिडक्यांच्या वर आणि मजल्यांच्या मध्ये रॉकवूलचे पट्टे घालावे लागतात.

खनिज लोकर, रॉकवूल असो की ग्लासवूल, वाफेला अडवत नाही. रॉकवूल जळतही नाही. उंच इमारत, शेजारी चिकटून इमारत किंवा बाहेरून हवा खेळणारं आवरण असेल, तर मी दुसरं काही सुचवणार नाही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. आग मुख्यतः पॉलिइथिलीनच्या गाभ्याच्या बाहेरच्या पॅनेलमुळे पसरली आणि त्यामागचं जळणारं फोम इन्सुलेशनही त्यात भर घालत होतं. आगीचा वर्ग लॅम्डाच्या आधी वाचायचा असतो, आणि एकट्या बोर्डाचा वाचून भागत नाही, संपूर्ण भिंतीच्या रचनेचा वाचावा लागतो. लोकरीला बाहेरून वाराबंद पडदा हवा. वारा तंतूंत शिरला तर हिशेबातला रोध उरत नाही.

सेल्युलोज म्हणजे रद्दी वर्तमानपत्रांचा अग्निरोधक मीठ मिसळलेला भुगा. तो पाइपने पोकळीत दाबून भरतात, म्हणून वेड्यावाकड्या जागाही भरतात. इथे घनतेवर सगळं अवलंबून असतं. भिंतीत घनमीटरला ५० ते ६० किलोच्या आसपास भरला नाही तर तो काही वर्षांनी खाली बसतो आणि वरच्या बाजूला रिकामी पट्टी राहते. भरलेल्या पोत्यांची संख्या मोजून घनता ताडून पाहा.

लाकडी तंतूंचे बोर्ड वजनदार आणि उष्णता साठवणारे असतात, दुपारचं ऊन आत पोहोचायला वेळ लावतात. त्यांचं एवढ्यावरून फार कौतुक होतं. माझं मत जरा वेगळं आहे. यू-व्हॅल्यू एकदा खाली आली की उन्हाळ्यात घर तापतं ते काचेतून, भिंतीतून नव्हे, आणि सावली व रात्रीची हवा बोर्डापेक्षा जास्त काम करतात. छपराखाली खोली असेल तर मात्र हे बोर्ड जरूर विचारात घ्या. पेंढ्याचे गठ्ठे जाडी मागतात, पण कोरडे ठेवले आणि दोन्ही बाजूंनी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा केला तर उत्तम चालतात. रोप वाढताना हवेतून घेतलेला कार्बन त्यांच्यात साठलेला असतो.

पीआयआर जागा कमी असेल तिथे. गच्ची, कमी उंचीचा मजला, जुन्या दाराच्या उंबऱ्याजवळ. फॉइल लावलेला बोर्ड वाफ जवळजवळ पूर्ण अडवतो, हे ओलीच्या हिशेबात धरा. कडाक्याच्या थंडीत आतला वायू गोठायला लागून त्याचा रोध कमी होतो, म्हणून फार थंड प्रदेशात बाहेरच्या बाजूला दुसरं सामान लावतात.

एक्सपीएस, म्हणजे दाट, कडक पॉलिस्टायरीन, आणि फोम ग्लास जमिनीखाली. इथे लॅम्डापेक्षा दाब आणि पाणी महत्त्वाचं. कागदावर ३०० किलोपास्कल लिहिलेलं असेल तर तो थोड्या वेळेचा, १० टक्के दबण्याचा आकडा असतो. कायमच्या भारासाठी त्याच्या निम्म्याहूनही कमी धरावा लागतो आणि तो वेगळा आकडा उत्पादकाकडून लेखी घ्यावा. फोम ग्लास पाणी घेत नाही आणि भाराखाली हळूहळू दबतही नाही, पण महाग पडतो. एक्सपीएस घेताना त्यात कोणता वायू भरला आहे ते विचारा. एचएफसी-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. ऊर्जा वाचवण्यासाठी बांधलेल्या घरात तो असू नये, असं मला मनापासून वाटतं.

व्हॅक्यूम पॅनेलचा लॅम्डा ०.००७ च्या आसपास असतो. ते कापता येत नाही आणि खिळा लागला तर त्याचा आकडा जवळपास तिप्पट होतो. दरवाजाच्या पानात किंवा जिथे दुसरं काही मावतच नाही तिथे ठीक, संपूर्ण भिंतीला नाही.

सहावी पायरी: लावताना उभं राहा

सामान आलं की पाकिटावरचा लॅम्डा आणि जाडी ऑर्डरशी ताडा आणि पाकिटांचे फोटो ठेवा. 'घोषित' लॅम्डा घ्या, प्रयोगशाळेतल्या ताज्या नमुन्याचा नाही. फोममधला वायू वर्षानुवर्षं हळूहळू निसटतो आणि घोषित आकड्यात ते वय धरलेलं असतं. सामान पावसात ठेवू देऊ नका. पाण्याचा लॅम्डा सुमारे ०.६ आहे, म्हणजे हवेच्या चोवीसपट.

बोर्ड चिकटवताना मागे कडेने सलग पट्टी आणि मध्ये ठिपके, अशा पद्धतीने चिकट लावायला सांगा. नुसते ठिपके असतील तर बोर्डामागे हवा फिरते आणि वरचा सगळा थर निकामी ठरतो. दोन बोर्डांमधली फट दिसली तर त्याच सामानाची पट्टी कापून भरा किंवा कमी फुगणारा फोम वापरा. तिथे सिमेंटचा माल भरणारा गवंडी हमखास भेटतो. त्याला त्याच क्षणी थांबवा. जाडी मोठी असेल तर दोन थर लावा आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. लोकर दाबून कोंबू नका आणि वायरीच्या मागे पोकळी सोडू नका.

हवाबंद थर पूर्ण झाल्यावर, आतलं आवरण लावायच्या आधी ब्लोअर डोअर चाचणी घ्या, म्हणजे दारात पंखा बसवून घराची हवागळती मोजा. त्या वेळी गळती हाताला जाणवते आणि टेपने बंद करता येते, फिनिशिंग झाल्यावर फक्त आकडा कळतो. थर्मल कॅमेऱ्याची तपासणी आत-बाहेर निदान १० अंशांचा फरक असेल तेव्हा, सूर्य उगवायच्या आधी करा, कारण उन्हाने तापलेली भिंत दिवसा चुकीचं चित्र दाखवते. ब्लोअर डोअरचा पंखा चालू ठेवून घरातली हवा बाहेर ओढत आतून कॅमेरा फिरवला, तर फटींतून येणाऱ्या थंड हवेचे पट्टे स्पष्ट दिसतात. त्या जागांवर तिथल्या तिथे खडूने खूण करा आणि दुरुस्ती झाल्यावर तेच आकडे पुन्हा मोजून घ्या.